दोन अक्षरांची रिकामी जागा

मित्रांनो, मी प्रार्थनाघरातली एक जुनी गाण्यांची वही आहे. माझे प्रत्येक पान मधोमध आडवे चिरलेले आहे. उंदरांना बोल लावू नका, बांधणाऱ्या कारागिरानेच ते मुद्दाम केले. वरच्या अर्ध्या पानांवर चाली, खालच्या अर्ध्यांवर गाणी. सगळ्या गाण्यांचे माप एकच. ओळी चार, पहिलीत अक्षरे आठ, दुसरीत सहा, पुन्हा आठ, पुन्हा सहा. त्यामुळे कुठलीही चाल कुठल्याही गाण्याला बिनबोभाट बसते. याचे फार कौतुक व्हायचे आणि मीही जरा शेफारले होते.

सहा अक्षरांची ओळ लवकर संपते आणि दोन अक्षरांची जागा उरते. तिथे लोक श्वास घेतात. पेटी वाजवणाऱ्याची सहा वर्षांची ठमी मात्र तिथे बाकावर बोटाने टक टक करायची. आई डोळे वटारायची, बाप पेटीआड हसायचा.

मग ठमी तापाने गेली.

पंधरा दिवसांनी बाप पुन्हा वाजवायला बसला. दुसरी ओळ संपली आणि त्या जागेत टक टक झाले. त्याने ऐकले, मीही ऐकले. बाकावर तिच्या ठिकाणी तर कोणीच नव्हते.

त्याने धसकाच घेतला. रोज वरचे पान उलटून तो नवी चाल लावायचा. पण पळून पळून जाणार कुठे? चाली साठ असल्या तरी माप तेच, आणि ती जागा प्रत्येकीत होतीच. शेवटी तो तिथे जादा सूर कोंबू लागला. गाणाऱ्यांना दम पुरेना. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसे झाले. वहीच जुनी झाली म्हणून मला कपाटात टाकायचे ठरले. मला फार वाईट वाटले.

त्या दिवशी सगळे गेल्यावर ठमीची आई पेटीपाशी आली.

“अहो, तिथे सूर का भरता?”

“मला ती ऐकू येते गं. सहन होत नाही.”

“मलाही यायची. तुम्ही सूर भरायला लागल्यापासून येत नाही.”

तो पेटीवरून तिच्याकडे वळला.

“मी इथे तेवढ्यासाठीच येते हो,” ती म्हणाली.

त्याने मला पुन्हा उघडले. दुसऱ्या ओळीच्या शेवटी पेटीवरून हात उचलले. पुढची ओळ धरायला त्याला बराच उशीर झाला.

मित्रांनो, मला नवा पुठ्ठा घाला, नका घालू. पण गाताना त्या जागेत घाई करू नका. तिथे एखादी आई कान लावून बसलेली असते.