डाव्या मनगटावरची साक्ष

मी एक जुने घड्याळ आहे. पोहणाऱ्यांच्या फेऱ्या आणि त्यांना लागलेला वेळ मोजणारे. मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला, पण माझा स्वभाव घडला तो संशयात. अगदी शेवटच्या टेबलावर एका बाईने मला पाण्याच्या दाबाखाली ठेवले आणि पोटात थेंब शिरला का, हे भिंग लावून पाहिले. सापडला नाही म्हणून तिने पुन्हा पाहिले. तेव्हापासून मीही कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही.

जपानातल्या एका गावी, सेगावा-सानच्या खेळसामानाच्या दुकानात मला घ्यायला तोमिए-सान, म्हणजे तोमिएबाई, आल्या. टोफूचे दुकान मुलाच्या हाती सोपवून त्या मोकळ्या झाल्या होत्या. त्यांच्या मनातली ठसठस मला तिथेच कळली. गावच्या तरणतलावाच्या भिंतीवर देशाच्या किनाऱ्याचा मोठा नकाशा आहे. जो जितका पोहेल, तितका त्याचा कापडी मासा त्या किनाऱ्याने पुढे सरकतो. फेऱ्या ज्याने त्याने मोजायच्या आणि ज्याने त्याने सांगायच्या. तोमिए-सानचा मासा सगळ्यांच्या पुढे गेला, तशी केशकर्तनालयवाल्या हात्सुमी-सान सर्वांदेखत म्हणाल्या होत्या, "यांचा मासा पाण्यातून कुठला, जिभेवरून पोहतो!"

आयुष्यभर तराजूत प्रामाणिक राहिलेल्या बाईला ते फार लागले. त्यांना आपल्या नावावरचा डाग धुऊन काढायचा होता.

सेगावा-साननी आधी बोटात घालायचे यंत्र दाखवले. फेरी संपली की अंगठ्याने बटण दाबायचे.

"म्हणजे दाबायचं मीच?" तोमिए-सान म्हणाल्या. "मग ती म्हणेल, दोनदा दाबलं. मला नाही चालायचं."

"मग हे घ्या. आपलं आपण मोजतं."

"पाण्यात चालतं म्हणता, पण कुठल्या पाण्यात? हात धुताना चार थेंब उडाले, इतपतच ना?"

"बाई, हे घालून तुम्ही रोज पोहलात तरी याला काही होणार नाही."

त्यांचा विश्वास बसला नाही. घरी नेल्यावर त्यांनी मला मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, रिकाम्या बरणीत पाणी भरून बुडवले आणि दिवसभर येता-जाता काचेआड वाफ धरली का ते पाहिले. मला राग आला नाही. उलट वाटले, बाई आपल्यातली आहे.

तलावाचा नियम असा, की घड्याळ घालायचे तर त्यावर कापडी पट्टा ओढायचा, म्हणजे कुणाला काच लागत नाही. त्यामुळे पोहताना माझे आकडे कुणालाच दिसत नसत. पहिल्या दिवशी तोमिए-सान पाण्याबाहेर आल्या, "चाळीस!" म्हणाल्या आणि ऐटीत पट्टा वर केला. मी सदतीस दाखवत होतो.

"अगं बाई!" हात्सुमी-सान म्हणाल्या. "मासा मागे घ्यायला हात लावू का?"

"घड्याळ खोटं आहे!"

"द्या इकडे. कर नाही त्याला डर कशाला?"

हात्सुमी-साननी मला आपल्या डाव्या मनगटावर बांधले आणि त्या दहा फेऱ्या पोहल्या. काठावर सगळ्याजणी मोजत होत्या. मी बरोबर दहा दाखवल्या. तोमिए-साननी स्वतःच आपला मासा मागे सरकवला आणि केस न वाळवताच घरी गेल्या.

मित्रांनो, माझी मोजणी हाताच्या ओढीवर चालते. हात पाणी मागे ओढतो, मग भिंतीला रेटा देऊन अंग पुढे सुटते, तेव्हा मी फेरी धरतो. हात नुसताच पुढे पडून राहिला, तर माणूस फळी धरून तरंगतो आहे असे मला वाटते आणि ती फेरी माझ्या हिशेबात येत नाही. आठवडे गेले, तशी माझी मोजणी आणखी घटत गेली. आधी मला माझाच संशय आला. मग ध्यानात आले, की ज्या डाव्या हातावर मी बसलो होतो तोच अर्ध्या वाटेत थकून पडत होता. पण मला तोंड कुठे होते? मला फक्त आकडे दाखवता येत होते, आणि आकड्यांनी तर त्या बाईला खोटे पाडले होते. मला त्या दिवसांत फार वाईट वाटे.

बाकीच्यांनी तो विषय सोडून दिला, पण हात्सुमी-सान सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. बाई मध्येच उभ्या राहतात, अशी त्यांची खात्री होती. एका सकाळी त्या शेजारच्या पट्टीत उतरल्या, चष्मा लावून पाण्याखाली गेल्या आणि पाहत राहिल्या. वर आल्या तेव्हा त्यांच्या तोंडी टोमणा नव्हता.

"तोमिए-सान, थांबा. दोन्ही हात वर करा."

"कशाला? झडती घेता की काय?"

"करा म्हणते ना!"

उजवा हात कानाला लागला. डावा खांद्याशीच अडला.

"घरी हातून काही पडतं का?"

"दोन वाडगे फुटले," तोमिए-सान हळूच म्हणाल्या. "घरात सांगितलं, मांजरानं पाडले."

हात्सुमी-साननी त्यांना ओल्या केसांनीच गाडीत घातले आणि इस्पितळात नेले. मानेतली नस दबली होती. आणखी थोडे दिवस गेले असते, तर हात कायमचा गेला असता, असे डॉक्टर म्हणाले. मी तेव्हा पिशवीत होतो, पण ऐकले मी सगळे.

शस्त्रक्रियेनंतर हात्सुमी-सान भेटायला आल्या.

"तुम्ही मला पकडायलाच खाली गेला होतात ना?" तोमिए-साननी विचारले.

"मग काय, पाया पडायला?"

दोघी हसल्या, आणि हसता हसता तोमिए-सानना रडू आले.

मित्रांनो, आता माझा पट्टा तडकला आहे आणि काच धुरकट झाली आहे. एकच मागणे आहे. रोजच्या वापरातले एखादे यंत्र अचानक चुकू लागले, तर ते फेकण्याआधी ज्या हातात आहे तो हातही तपासा. आणि माणसाचा संशय आला तर खुशाल घ्या, पण काठावर बसून नको. पाण्यात उतरा आणि नीट बघा.