सायकलबाबाचं वळण

माझा नवरा गेला तेव्हा माणूस होता. पावसाळा संपायच्या आत लोकांनी त्याचा देव केला, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आमचे हे, प्रदीप, टाकवे बुद्रुकच्या एका कंपनीत फिटर होते. कंपनीची बस गावात यायची, तरी हे सायकलवर. बरं, स्वतः चालवून गप्प बसावं की नाही? नाही. सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याच्या सायकलवाल्या मंडळींबरोबर शाळाशाळांत जायचं, पोरांना शिकवायचं. संध्याकाळी कान्हे फाट्यावर वडापच्या, सवाऱ्या भरून नेणाऱ्या जीपवाल्यांपुढं उभं राहून सांगायचं, "भावांनो, सायकलवाल्याला ओलांडताना दोन हात जागा सोडा. रस्ता तुमच्या बापाचा आहे तसा त्याच्याही बापाचा आहे." जीपवाले ह्यांना चहा पाजायचे, हसायचे आणि दुसऱ्या दिवशी अंगाला घासून गाडी काढायचे. मी म्हणायचे, पालथ्या घड्यावर पाणी घालताय. हे म्हणायचे, "घालू की. पाणी काय विकत आणतोय?"

मे महिन्यात कान्हे-टाकवे रस्त्याच्या वळणावर, फिरायला आलेल्या एका गाडीनं ह्यांना मागून उडवलं. गाडीवाला पकडला, जामिनावर सुटला, केस चालू आहे.

जलदान विधीला लोणावळ्याचे सायकलवाले पांढऱ्या कपड्यांत आले, शेवटच्या ओळीत बसून आमच्याबरोबर पंचशील म्हणाले. त्यांच्यातले राजेंद्र सर मला म्हणाले, "ताई, त्या वळणावर एक जुनी सायकल पांढरी रंगवून उभी करतो. ती बघून लोक गाडी हळू करतील." मी हो म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते.

नाही म्हणाले ते एकाच गोष्टीला. तेजलची सायकल मी साखळीनं खांबाला बांधून टाकली. माझी पोरगी बारावीला, लोणावळ्याच्या कॉलेजात. घरापासून कान्हे स्टेशनपर्यंत सायकल, पुढं लोकल. बापानंच लावलेली सवय. मी म्हणाले, आता वडापनं जायचं.

"मम्मी, पप्पांनी आयुष्यभर जे सांगितलं, ते तू कुलपात घातलंस."

"एकाला जाळून आलेय मी. आता दुसऱ्या कुणासाठी लाकडं रचणार नाही."

त्यानंतर आम्ही दोघी जेवणापुरत्याच बोलायचो. मला घरात बसवत नव्हतं. घासलेली भांडी पुन्हा घासायची. तिची यायची वेळ झाली की दारात, दारातून रस्त्यावर, रस्त्यावरून स्टँडपर्यंत, तिथून परत घरी. जीपमधून उतरताना दिसली की जीव भांड्यात पडायचा, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

अशीच एका दुपारी स्टँडवर घुटमळत होते, तर दूधवाली अंबूबाई खुशीत येऊन म्हणाली, "ज्योत्स्ना, तुझा मालक लय पावतो बघ. पप्पूच्या जीपचा बिरेक फेल झालता. त्यानं सायकलबाबाचं नाव घेतलं, गाडी बांधाला टेकून गुमान हुबी ऱ्हायली!"

"कोण सायकलबाबा?"

"अगं, कोन काय? तुझाच की!"

तळपायाची आग मस्तकात गेली. होते तशीच, पायातल्या स्लिपरवर, वळणाकडं चालत सुटले.

बघते तर काय! पांढऱ्या सायकलला झेंडूचे हार. हँडलला लिंबू-मिरची, सीटवर गुलाल, खाली नारळाच्या कवट्या. ज्या माणसानं उभ्या जन्मात अगरबत्ती लावली नाही, बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा ज्याला तोंडपाठ होत्या, त्याच्या नावानं धूप! एका टेम्पोवाल्यानं माझ्यासमोर भर वळणावर स्टिअरिंगवरचा हात काढला, कपाळाला लावला आणि दाबला पाय. मागून मोटरसायकलवाला, तोही तसाच. हळू कुणी केली नाही. कशाला करतील? बाबा सांभाळतोय ना! ह्यांनी जन्मभर ज्या गोष्टीसाठी घसा कोरडा केला, तीच सोडून बाकी सगळं त्या सायकलला मिळत होतं.

तेवढ्यात कान्ह्याकडून पप्पूची जीप आली, आणि वळणावरच, निम्मी रस्त्यात, थांबली. पप्पू हातात नारळ घेऊन उतरला. मी त्याच्यावर ओरडणार, तोच जीपच्या मागून एक सायकल बाहेर आली. वाटच नव्हती तिला, उभ्या जीपला वळसा घालून येत होती. आणि तिच्या मागून खडीचा ट्रक, ब्रेक करकचत. सायकल जीप आणि ट्रकच्या मधून कशीबशी सुटली आणि समोरच्या चरात, गवतात जाऊन पडली.

तेजल होती.

मी कशी पोचले, माहीत नाही. आधी तिला जवळ घेतलं. मग एक ठेवून दिली. मग परत जवळ घेतलं. गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. सायकल मैत्रिणीची, प्रतीक्षाची. रोज कान्ह्यापर्यंत वडापनं जायची आणि येताना गावाबाहेरपर्यंत ही चालवायची, तिथून स्टँडपर्यंत जीपनं, मला कळू न देता.

"मी नीट येत होते मम्मी," ती म्हणाली. "जीपच मधे उभी होती. मी कुठून जायचं होतं?"

मी पदरानं तिचा गुडघा पुसला.

पप्पू धावत आला, हात जोडलेले. "सायकलबाबानंच वाचवली, वहिनी! म्हनलं न्हवतं, लय कडक हाय आपला बाबा!"

"बाबानं नाही रे मुडद्या, गवतानं वाचवली! तुझ्या नारळापायी मेली असती ती! देव नव्हते ते. माणूस होते. तुझ्यासमोर उभं राहून मराठीत सांगत होते, जागा सोडा म्हणून. तेव्हा ऐकलंस?"

मी हार ओरबाडले, लिंबू फेकून दिलं. सायकल तारेनं बांधली होती, ओढून ओढून बोटं कापली. पप्पूचा चेहरा उतरला. "असं नका करू वहिनी. नवस हाय माझा. गाडी वाचली, पोटापान्याची गाडी. फेडाया नगं?"

"फेडायचाय?"

"व्हय."

"मग ही सायकल सोडव आणि टपावर टाक. आणि गावापर्यंत तेजलच्या मागं चल. हॉर्न नाही, घासून पुढं जायचं नाही. ती जाईल तसं जायचं. हाच तुझा नारळ."

रागात बोलून गेले, आणि मग कळलं की पोरीला सायकलवर बसवणारी मीच झाले. शब्द मागं घ्यायला तोंड उघडलं, पण तेजलनं तोवर सायकल उचलली होती.

मी जीपमध्ये पप्पूशेजारी बसले. पुढं तेजल, मागं आम्ही. मागच्या सवाऱ्या कुरकुरायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "आरं, ह्यापरीस बैलगाडी बरी व्हती." आमच्या मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्नवर हॉर्न.

"जरासा दाबू का, वहिनी?"

"हात लावून तर बघ."

पण खरं सांगू, जीपमधून बघवत नव्हतं. काचेतून माझी पोरगी एवढीशी दिसत होती. नुसती पाठ आणि वेणी. माझा पाय आपोआप खाली दाबला जात होता, जसा काही माझ्याच पायाखाली ब्रेक आहे. पुढं मोठा खड्डा आला. तेजल तो चुकवायला रस्त्याच्या मधे आली. पप्पूनं गाडी जागच्या जागी रोखली. मागची म्हातारी पुढच्या सीटवर आपटली.

पप्पूनं मान बाहेर काढून खड्डा बघितला. मग म्हणाला, "खड्डा हुकवाया आत येत्यात व्हय ह्ये? मला वाटायचं, मुद्दाम आडवं येत्यात."

"हेच सांगायचे रे ते," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. सवाऱ्यांसमोर, पदर तोंडात घालून. मागची कुरकुर थांबली. तेजलनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मागची गाडी आपल्याला धडकणार नाही, असं धरून ती चालली होती. ह्यांनीही असंच धरलं असेल.

गावात जीप थांबली. सवाऱ्या उतरून निमूट घरी गेल्या. तेजल घामेजलेली, सायकल धरून उभी. पप्पूनं टपावरून पांढरी सायकल उतरवून दिली, गाडीत बसला, पण निघेना. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "वहिनी, उद्या सकाळी पोरगी किती वाजता निघती?"

"कशाला?"

"पयली ट्रिप माझीच आसती. मागं ऱ्हाईन म्हनतो. फाट्यावर बाकीच्यांनाबी सांगतो."

तेजल माझ्याकडं बघत होती. मला नाही म्हणायचं होतं. आजही ती निघाली की ते ओठांवर येतं.

"कंपनीची सकाळची बस असते ना," मी म्हणाले, "तिच्या जरा आधी."