सहाच्या आधी

राखीनं केनवड आणि आसेगाव या दोन्ही दुकानांचे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर मिठाची बरणी ठेवली. पंचफुलाबाई समोरच्या बाकावर बसून मिरच्यांचे देठ खुडत होत्या. वाशीमचं हे त्यांचं पहिलं दुकान. केनवड आणि आसेगावची दुकानं मागाहून झाली. तिन्ही ठिकाणी सकाळी आलुबोंडा, पोहे आणि तर्री मिळे, आणि तिन्ही ठिकाणी कामाला असलेल्या दहा बायकांचे तास राखी बघे.

पद्धत तिनंच बसवली होती. बाईनं आल्यावर दुकानातल्या मोबाईलवर आपला फोटो काढायचा, जातानाही काढायचा. वेळ आणि गाव आपोआप राखीच्या मोबाईलवर येई.

"आसेगावले दोघी हायेत नं?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"हो काकू."

"अन् केनवडले तिघी. माल सारखाच. आसेगावचा पहिला घाणा साडेसहाले निघते, केनवडचा साडेसातले. मंग तिसरी कायले पायजे?" त्यांनी एक सडकी मिरची बाजूला टाकली. "रंगूबाई सगळ्यात नवी हाय. तिले सांगून टाक, एक तारखेपासून नको येऊ म्हना."

राखीला रंगूबाई आठवली. पहिले तीन दिवस तिच्या फोटोत नुसता कान येत होता. चौथ्या दिवशी पूर्ण चेहरा आला तेव्हा तिनं मुद्दाम फोन करून विचारलं होतं, "आता दिसली का मी?"

"दोन दिवस थांबा," राखी म्हणाली. "एकदा आकडे पाहू द्या."

आकडे तिनं त्याच दुपारी पाहिले. केनवडच्या तिघींसारख्या आसेगावच्या दोघीही सहाला येत. पण आठ किलो आलू उकडायचे, निववायचे, सोलायचे, कुस्करायचे, फोडणीला टाकायचे, याला कमीत कमी दीड तास लागतो. आदल्या रात्री उकडून ठेवलेला आलू पंचफुलाबाईंना चालत नसे. मग साडेसहाला घाणा निघतो कसा?

तिनं मोबाईलवर मागचे फोटो उघडले. आसेगावच्या दोघींपैकी एक तिची आईच होती, सुंदरबाई. सहा वाजताच्या फोटोत दुसऱ्या बाईचे केस नुकतेच विंचरलेले, कुंकू जागेवर. आईच्या कपाळावर घाम होता. मागच्या आठवड्याच्या फोटोतही होता, आणि भर थंडीच्या महिन्यातल्याही. इतके दिवस राखीनं त्या फोटोंवरची वेळ तेवढी वाचली होती.

ती वाशीमला मामाकडे राहायची आणि आठवड्यातून एकदा, दुकान बंद असे त्या दिवशी, आसेगावला जायची. आई किती वाजता घरातून निघते हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मदनसिंगच्या टेम्पोत बसली. बेसन, तेल आणि पाव घेऊन तो रोज आसेगावला जायचा.

"माय भेटते का इतक्या सकाळी?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"भेटते म्हनजे? मी पोचतो तवा भट्टी पेटलेलीच असते." मदनसिंगनं तिच्याकडे पाहिलं. "मले वाटलं, तुले माहीत असन."

राखीनं बाहेर पाहिलं. रस्त्याच्या कडेला तुरीची शेतं होती, अजून काळीच दिसत होती.

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आई पाटावर बसून गरम आलू सोलत होती. बोटं भाजली की बाजूच्या गार पाण्यात बुडवायची आणि पुढचा आलू घ्यायची. राखीला दारात पाहून ती एकदम उभी राहिली.

"कोनाले काही झालं का वं?"

"काही नाही झालं. बस तू."

राखीनं चपला काढल्या, हात धुतले आणि आईसमोर बसून एक आलू उचलला. दोघी सोलू लागल्या. मदनसिंग पोती उतरवून निघून गेला.

"कवा येते तू?"

"साडेचारले."

"कवापासून?"

आईनं सालं गोळा करून टोपल्यात टाकली. "तू लागली तवापासून."

राखीचा हात थांबला.

"बाईले मी म्हनलं होतं," आई म्हणाली. "पोरीले घ्या, मी रोज दीड तास आधी येईन. तो लिहू नका. सात पोरी आल्या होत्या, राखी. एकीचा तर मामा वळखीचा होता त्यांच्या. आपलं कोन होतं?"

"काकू काय म्हनल्या?"

"काहीच नाही. हसल्या. अन् दुसऱ्या दिवशी तुले बलावनं आलं."

हातातला आलू पोळत होता, तो राखीनं परातीत टाकला. कॉम्प्युटरची परीक्षा, पाठ केलेली उत्तरं, मैत्रिणीकडून मागून नेलेला ड्रेस. निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी तिनं घरी पेढे आणले होते. आईनं अर्धा पेढा खाल्ला होता आणि अर्धा देवापुढे ठेवला होता.

सहा वाजायला आले तशी दुसरी बाई आली. आईनं हात धुतले, पदरानं तोंड पुसलं आणि मोबाईलसमोर सरळ उभं राहून फोटो काढला. राखीच्या पर्समधला मोबाईल वाजला. तिनं तो बाहेर काढला नाही.

निघताना तिनं आईला शटरबाहेर बोलावलं. "तुमचं दोघींत होते म्हनून काकू केनवडच्या रंगूबाईले काढून राह्यल्या."

आईनं पदराला हात पुसले.

"मंग सांग बाईले," ती म्हणाली. "दुसरीच्या पोटावर कायले पाय द्याचा?" मग आवाज उतरला. "पन तुह्या नोकरीचं?"

"पाहू."

वाशीमला पोचेपर्यंत दहा वाजले. सकाळची गर्दी ओसरली होती. राखीनं उभ्याउभ्याच पंचफुलाबाईंना सगळं सांगितलं. आईचं येणं, न लिहिलेला दीड तास, साडेसहाचा घाणा, आईनं दिलेला शब्द. शेवटी म्हणाली, "मले त्यासाठी ठेवलं असन, तर तसं सांगा."

पंचफुलाबाईंनी हातातली परात खाली ठेवली.

"आली होती ती," त्या म्हणाल्या. "मले वाटलं मायचा जीव हाय, बोलली. म्हनून हसली मी. तुहं नाव तर मी आदल्याच दिवशी पक्कं केलं होतं."

"माहं? काहून?"

"बाकीच्या पोरींनी इचारलं, बायका उशिरा आल्या तर काय करायचं. तू इचारलं, कोनाले जायले उशीर झाला तर तो कुठं लिहायचा."

राखीला हे आठवतही नव्हतं.

"आसेगावले मी जाते तवा दुपार झालेली असते," पंचफुलाबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "घाणा लवकर निघते म्हनून खुश होती मी. काहून निघते ते नाही इचारलं." जरा थांबून त्या पुढं म्हणाल्या, "रंगूबाई राहू दे. आसेगावलेच आनखी एक बाई शोध. अन् मी लावते सुंदरबाईले फोन. सांगते, त्याची काही गरजच नव्हती."

त्यांनी मोबाईल हातात घेतला. राखीनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. असा हात तिनं त्यांना कधी लावला नव्हता.

"ते नका सांगू, काकू."

पंचफुलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग मोबाईल तिच्या हातात दिला.

राखी मागच्या ओट्यावर गेली. आईनं फोन उचलला तेव्हा मागून तळणीचा चर्र आवाज येत होता.

"माय, काकूशी बोलली मी. म्हनल्या, सुंदरबाईनं बोलल्यापरमानं केलं. आता तो शब्द पुरा झाला."

"अन् रंगूबाई?"

"ती राह्यते."

"अन् तू?"

"मीबी."

आईनं तिकडं कुणाला तरी आच कमी करायला सांगितलं.

"मंग उद्या सहाले येऊ का?"

"आलू कोन उकडन? साडेचारलेच येजो. पन आल्याबरोबर पहिले फोटो काढजो. दीड तास लिहाचा हाय."

"बरं."

फोन ठेवायची वेळ झाली होती, पण दोघींनी ठेवला नाही.

"मले वाटे," आई म्हणाली, "बाई इसरल्या असतीन. रोज वाटे. इचारू कसं?"

राखीनं आत पाहिलं. पंचफुलाबाई बाकावर तशाच बसल्या होत्या, समोरच्या मिरच्यांना हात न लावता.

"नाही इसरल्या," ती म्हणाली.