पंचवीसचा बल्ब

रशीद मिस्त्री गेले त्या दिवशी त्यांच्या टेबलावर एक अॅम्प्लिफायर उलटा पडला होता. पोट उघडं, तारा वर आलेल्या, आणि एका कंडेन्सरच्या एका पायाला अजून शिशाचा डाग द्यायचा राहिलेला. घरात गर्दी झाली, मय्यत उठली, जियारत झाली, पाहुणे आपापल्या गावी परतले. अॅम्प्लिफायर तसाच उलटा राहिला.

तो श्रीगोंद्याच्या रामहरींचा होता. साखर कारखान्यात फिटर म्हणून जन्म घालवलेला हा माणूस, जुन्या तबकड्यांचा भारी शौकीन. मध्यंतरी कुणीतरी त्याच्या अॅम्प्लिफायरमध्ये बाजारातले नवे, बोटाएवढे कंडेन्सर बसवून दिले होते, तेव्हापासून गाण्याच्या मागे सतत घूं घूं चाले. रशीद मिस्त्रींनी ते सगळे उपटून टाकले आणि त्यांच्या जागी जुने बसवायला घेतले. एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या सामानात त्यांना ते मिळाले होते, पन्नास वर्षांपूर्वीचे, डब्यातून कधी बाहेरच न काढलेले. असा माल हाती लागला की ते आठवडाभर खूश असत.

अंजुम त्यांची मुलगी. वय एक्केचाळीस, लग्न मोडून अकरा वर्षं झालेली, पुण्यात एका खाजगी कॉलेजात ग्रंथपाल. नोकरी कराराची. महिन्याची रजा मोठ्या मिनतवारीने मिळाली होती, आणि महिना संपल्यावरच्या सोमवारी ती हजर झाली नाही तर जागा भरून टाकू, असं संस्थेने लेखी कळवलं होतं. मस्कतहून तिचा भाऊ उझैर रोज फोन करी. त्याचं म्हणणं सरळ होतं. अम्मी इद्दतीत आहे, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस तिला उंबरा ओलांडता येणार नाही, घरात कुणीतरी हवं. त्याची नोकरी आहे, मुलांच्या शाळा आहेत.

"तू तर मोकळीच आहेस," तो म्हणे.

शेजारच्या कैनातने, तिच्या मामेबहिणीने, रात्री सोबतीला झोपायचं कबूल केलं होतं, दिवसा येऊनजाऊन लक्ष ठेवायचंही. उझैरला ते पुरेसं वाटत नव्हतं. अम्मीला वाटत होतं की नाही, हे अम्मीने सांगितलं नव्हतं. तिने फक्त अॅम्प्लिफायरकडे बोट केलं होतं.

"ही अमानत आहे," मुमताज, अंजुमची अम्मी, म्हणाली होती. "माणूस गेला की आधी त्याच्याकडची अमानत परत करायची. आणि अशी पोट फाडलेली परत दिली तर ती अमानत नव्हे, भंगार. ही वस्तू वाजत घराबाहेर गेली की तू जा. मी अडवणार नाही."

अंजुमला वाटलं, गावात दुसरा मिस्त्री बघावा. पण चौदाव्या दिवशी दुपारी अम्मी घरातल्याच, अब्बांच्या कारखान्याच्या खोलीत आली, स्टुलावर बसली, चष्मा लावला आणि राहिलेल्या पायाला तिने स्वतःच डाग दिला. हात जरासुद्धा हलला नाही. अंजुम बघतच राहिली. ट्रान्सफॉर्मरच्या तारेचे वेढे अम्मी मोजते हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ते ती शेवया वळते तसं, घरकामातलंच एक काम, असं तिने धरलं होतं.

"इतकी पुस्तकं वाचलीस," अम्मी चष्मा पुसत म्हणाली, "आणि आपल्या घरात काय चालतं ते कळलं नाही."

डाग देऊन झालं, पण काम संपलं नव्हतं. पन्नास वर्षं निजलेल्या कंडेन्सरला एकदम पूर्ण वीज दिली तर तो फुटतो. त्याला हळूहळू जागं करायचं. त्यासाठी सिरीज बोर्ड. लाकडी फळी, तिच्यावर एक होल्डर, एक बटण आणि एक प्लग. वीज आधी बल्बमधून जाते आणि उरलेली पुढच्या वस्तूला मिळते. बल्ब लहान तर वीज थोडी. म्हणून आधी पंचवीसचा, मग चाळीसचा, साठचा, शंभरचा. दुकानात आता एलईडीच मिळतात आणि ते इथे कुचकामी. पण अब्बांनी तारेचे जुने बल्ब साठवून ठेवले होते, तांदळाच्या डब्यात, एकेका मोज्यात घालून.

"एका बल्बावर दहा दिवस, रोज एक तास," अम्मीने सांगितलं. "तेव्हा कुठे तो उठतो."

म्हणजे चाळीस दिवस. अंजुमने बोटांवर हिशेब केला. तिचा सोमवार त्यात कुठेच बसत नव्हता. तिने विचारलं, लवकर नाही का होणार? अम्मी म्हणाली, तुझे अब्बा असंच करत.

तेव्हापासून नगरच्या झेंडीगेटमधल्या त्या घराला एक वेळापत्रक लागलं. दुपारची नमाज झाली की अम्मी स्टुलावर बसे, अंजुम बटण दाबी. बल्ब क्षणभर उजळे, मग मंद होई. मंद झाला की ठीक, उजळलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट. तासभर दोघी त्या लालसर तारेकडे बघत बसत. खोलीला एकच खिडकी, तिच्यावर पडदा. बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडे, शाळेच्या रिक्षा येत, कुणाच्यातरी लग्नाची बँड पार्टी जाई. अंजुमला इद्दत नव्हती, ती बाहेर जाऊ शकत होती. पण दूध आणायला गेली तरी दहा मिनिटांत परत येई, जणू तिच्या पायालाही कुणी मोजून तार बांधली होती. भेटायला येणाऱ्या बायका म्हणत, मुलगी असावी तर अशी. ते ऐकलं की तिला खिडकीचा पडदा ओढून फाडावासा वाटे. मग ती चहा करायला उठे.

दहा दिवस झाले. पंचवीसचा मोज्यात गेला, चाळीसचा होल्डरवर आला.

गुरुवारी चिठ्ठी सापडली. कंडेन्सर ज्या खोक्यांतून आले होते ती रिकामी खोकी अंजुम आवरत होती. प्रत्येक कामाची चिठ्ठी लिहून खोक्यात टाकायची अब्बांची सवय तिला माहीत होती. ही निळ्या शाईत, त्यांच्या गोल अक्षरात होती. पंचवीस, एक तास. चाळीस, एक तास. साठ, एक तास. शंभर, एक तास. संध्याकाळी बल्बाशिवाय डायरेक्ट. उद्या रामहरी.

एका दिवसाचं काम.

ती किती वेळ तशीच उकिडवी बसून होती कोण जाणे. राग आला, तो कुणावर काढावा कळेना. स्वयंपाकघरातून अम्मीच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता. अब्बा असते तर अशा वेळी म्हणाले असते, विचार, विचारायला काय जातं. अंजुमने चिठ्ठी कुर्त्याच्या खिशात घातली. दुपारी नेहमीच्या वेळेला तिने बटण दाबलं, चाळीसचा उजळला, मंद झाला, आणि दोघी तासभर बसल्या. शुक्रवारीही तसंच.

शनिवारी सकाळी रामहरी आले. डोळे तपासायला नगरला आले होते आणि केडगावात लेकीकडे, निकिताकडे उतरले होते. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या काठावर बसून ते बराच वेळ रशीदभाईंबद्दल बोलले. मधल्या दाराला पडदा होता. इद्दतीत परक्या पुरुषासमोर यायचं नाही म्हणून अम्मी पडद्याआड बसली होती. तिची पावलं तेवढी खाली दिसत होती.

"सुनेनं हातभर लांबीचा ब्लूटूथ आणलाय," रामहरी म्हणाले. "आवाज लई मोठा. पर त्यात नुसता आवाज येतो, गाणारा घरात येत न्हाई."

अंजुमला हसू आलं. कित्येक दिवसांनी आलं.

मग त्यांनी संकोचत विचारलं, अॅम्प्लिफायरला अजून किती दिवस लागतील. घाई नाही, पण आलोच आहे तर.

"सव्वीस दिवस," पडद्याआडून अम्मी म्हणाली.

रामहरींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सव्वीस? वहिनी, मिस्त्री तर म्हनले हुते, कंडेन्सर बसला की दुसऱ्या दिवशी घेऊन जा. मी रिक्षा सांगून ठेवली हुती तवा."

पडद्याखालची पावलं मागे सरकली.

अंजुमचा हात खिशात गेला. कागद तिथेच होता. एवढंच करायचं होतं, तो बाहेर काढून टेबलावर ठेवायचा. परवा सोमवारी ती तिच्या खुर्चीवर, तिच्या कपाटांमध्ये बसली असती. आणि या भल्या माणसाने श्रीगोंद्याला जाऊन सांगितलं असतं, मिस्त्रींची बायको खोटं बोलली. वाईट मनाने नव्हे, सहज.

"ते अब्बांचं, काका," ती म्हणाली. "त्यांचा हात होता. आता आम्ही अम्मीच्या पद्धतीने करतोय. तिने सव्वीस म्हटलं की सव्वीस."

रामहरींनी मान हलवली. बरोबर हाय, म्हणाले, शेवटी तुमच्या हातातली वस्तू. चहा पिऊन ते गेले.

अंजुम कपबशी उचलून आत आली तर अम्मी कारखान्याच्या खोलीत होती. होल्डर रिकामा होता. चाळीसचा काढून तिने मोज्यात घातला होता.

"चिठ्ठी कधी सापडली?"

"परवा."

"मी शोधत होते. फाडून टाकायची होती." अम्मीने तांदळाच्या डब्यात हात घातला, दोन मोजे चाचपले, तिसरा काढला. "साठचा सोड. हा शंभरचा आहे. लाव, आणि रामहरीभाईंना फोन कर. उद्या सकाळी घेऊन जा म्हणावं."

"अम्मी, मी राहते."

"राहशील. मला माहीत आहे ते." तिने बल्ब अंजुमच्या तळहातावर ठेवला. "म्हणूनच लाव."

बल्ब भक्कन पेटला. सगळी खोली, कोपऱ्यातली जाळी, टेबलावरचे अब्बांच्या कोपरांनी पडलेले दोन गुळगुळीत खळगे, सगळं एकदम समोर आलं. मग तो हळूहळू उतरला. तासाभराने डायरेक्ट लाइनवर घेतलं, जुना रेडिओ जोडून पाहिला. मागची घूं घूं नव्हती. अम्मीने डोकं तिरकं करून ऐकलं आणि म्हणाली, उजवी बाजू किंचित कमी आहे, पण रामहरीभाईंना कळणार नाही. मग म्हणाली, तुझ्या अब्बांना कळलं असतं.

रविवारी सकाळी रिक्षा आली, अॅम्प्लिफायर गोधडीत गुंडाळून गेला. टेबलावर धूळ नसलेला एक चौकोन उरला. उझैरचा फोन आला. अंजुमने त्याला तीनच्या बसने निघत असल्याचं सांगितलं आणि तो बोलत असतानाच फोन अम्मीच्या हातात दिला. अम्मी एवढंच म्हणाली की मीच पाठवतेय.

दुपारची नमाज झाली. अंजुम बॅग भरून खोलीच्या दाराशी आली तेव्हा अम्मी स्टुलावर बसली होती, रोजच्यासारखी. होल्डरवर तिने पंचवीसचा लावला होता. अंजुमच्या देखत तिने बटण दाबलं.

काही झालं नाही. पुढे काही जोडलेलं नसेल तर सिरीजचा बल्ब पेटत नाही. हे मुमताजला चाळीस वर्षांपासून माहीत होतं, आणि अंजुमला आता माहीत झालं होतं.

"बस चुकेल," अम्मी बल्बकडे बघतच म्हणाली.

कैनात संध्याकाळी येणार होती. तोवर तीन तास होते. अंजुमने चप्पल घातली. उंबऱ्यापर्यंत येऊन अम्मी थांबली, त्यापुढे तिला येता येत नव्हतं. बटण मागे चालूच राहिलं होतं. ते बंद करायला दोघींपैकी कुणी परत गेलं नाही.