भगवंतरावांच्या रेघोट्या

रुखमाबाईला कुणी विचारलं असतं की बाई, या जगात तुझा सगळ्यात मोठा वैरी कोण, तर तिनं दिराचं नाव घेतलं नसतं. दीर उकंडराव हा उघड वैरी. त्यानं विहिरीच्या वाटेवर बोरीच्या काट्या टाकल्या, तिची मोट बंद केली आणि तोंडावर सांगितलं, आजपासून पाणी नाही. असल्या माणसाला निदान पोटभर शिव्या तरी देता येतात. तिचा खरा वैरी कचेरीपुढच्या चिंचेखाली बसायचा. भगवंतराव अर्जनवीस, लोकांचे अर्ज लिहून देणारा. आणि मेला रोज दुपारी तिच्याकडे बघून हसायचा आणि विचारायचा, "काय बाई, फुटाणे गरम हायेत ना?"

देऊळघाटला पैनगंगेच्या अंगाला रुखमाबाईचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी आणि सांबार, म्हणजे तुम्ही जिला कोथिंबीर म्हणता ती. नवरा कडूबा मोठा कष्टाळू. भावाशी वाटणी झाल्यावर त्यानं आपल्या हिश्श्यात एकट्यानं विहीर खणली. दोन उन्हाळे तो खडकाशी झुंजत होता. पाणी लागलं, आणि चौथ्या वर्षी कडूबा तापानं गेला. तेरावं उरकतं न उरकतं तोच उकंडराव म्हणाला, विहीर वडिलांच्या वेळची आहे आणि मोठा मी आहे.

रुखमाबाई तालुक्याला गेली. तिथं लोकांनी तिला चिंचेखालच्या भगवंतरावांकडे बोट दाखवलं. अक्षर मोत्यासारखं, सरकारी परवाना, भाषा अशी की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. ती त्यांच्यापुढं बसली आणि सकाळपासून सांगत राहिली. मधे रडली, पदरानं तोंड पुसलं, पुन्हा सांगायला लागली. सगळ्यात महत्त्वाचं तिनं शेवटी सांगितलं.

"विहीर वाटनीच्या नंतरची हाय, मुन्शीजी. माह्या मालकानं एकट्यानं खंदली. उकंडरावनं फावड्याले हात नाई लावला. हे बराबर लिवा."

"हं, हं," भगवंतराव म्हणाले. मान खाली होती आणि टाक कागदावर भराभर चालत होता. टाक चालतोय म्हणजे आपलं सांगणं कागदावर उतरतंय, असं तिनं धरून चाललं. ज्याला अक्षर येत नाही त्यानं दुसरं काय धरून चालायचं? नंतर त्यांनी पक्का अर्ज वाचून दाखवला. 'सबब' आणि 'सदरहू' यांच्या गर्दीत तिला आपल्या नवऱ्याचं नाव तेवढं ओळखू आलं. तिनं अंगठा उठवला.

अर्ज नामंजूर झाला. अर्जदार बाई स्वतःच विहीर वडिलोपार्जित म्हणते, मग तंटा कसला, असा शेरा पडला. बाईनं असं कधी म्हटलं, हे बाईला कळेना. तिनं कपाळावर हात मारला आणि दोष नशिबाला दिला. मळा वाळला. मग तिनं एक खापर, चार टोपल्या वाळू आणि हरभरे घेऊन कचेरीपुढं भट्टी मांडली. पुड्या बांधायला रद्दी लागायची. भगवंतराव आपले कच्चे कागद आठवड्याला तिच्यापुढं टाकायचे आणि बदल्यात ओंजळभर फुटाणे न्यायचे. ती अर्जदार बाई हीच, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

आणि एके दिवशी पुडी वळता वळता रुखमाबाईला त्या रद्दीत बेडकी दिसली.

बेडकीला नथ होती. डोक्यावरून पदर होता, हनुवटीला मोठा तीळ होता, आणि आ वासलेल्या तोंडात पुढचा एक दात नव्हता. रुखमाबाईनं आपल्या हनुवटीला हात लावला. मग जिभेनं दाताची खिंड चाचपली. भगवंतराव लिहिता लिहिता रेघोट्या ओढतात हे तिला ठाऊक होतं, पण आपण सांगत असताना काय ओढलं होतं ते तिला आज दिसलं. तिनं तो कागद घरी नेला. शेजारच्या घरची सून कोकिळा चौथीपर्यंत शिकलेली होती.

"वाच वं पोरी, काय लिवलं हाय?"

कोकिळेनं बोट ठेवून वाचलं. "'मयत कडूबा यांनी सदरहू विहीर...' बस, मावशी. पुढं काईच नाई. पुढं बेडकी हाय."

टाक तिथून अक्षर सोडून बेडकीकडे वळला होता. बाई जीव तोडून बोलत होती तेव्हा हा माणूस अधूनमधून तिच्या तोंडाकडे बघत होता, पण कान तिच्याकडे नव्हते. मग पक्का अर्ज लिहिताना अर्धं वाक्य त्यानं आपल्या मनानं पुरं केलं. विहीर म्हणजे वडिलोपार्जितच असणार, रोजचंच आहे! अपिलाची मुदत केव्हाच सरून गेली होती. रुखमाबाईनं तो कागद घडी करून चोळीत ठेवला आणि दातओठ खात म्हणाली, "याच रेघोट्यायनं याले बुडवीन. नाई बुडवलं तर कडूबाची बायको नाई मी."

त्या दिवसापासून ती भगवंतरावांच्या मागं हात धुऊन लागली. रेघोट्या असलेला एकही कागद तिनं पुडीला वापरला नाही. त्यांनी चिंचेमागं भिरकावलेले बोळे ती वेचायची, तव्याच्या पाठीवर सपाट करायची. टिपकागद घ्यायची, फाटकी पाकिटं घ्यायची. सगळं एका पत्र्याच्या पेटीत, भट्टीशेजारी, गोणपाटाखाली. नावं लिहिता येत नव्हती म्हणून तिनं माळणीची युक्ती काढली. प्रत्येक माणसाची गड्डी वेगळी, आणि गड्डीच्या दोऱ्यात त्याची खूण. पोट सुटलेल्या तहसीलदारांच्या गड्डीत भोपळ्याची बी. बगळ्यासारखी मान काढणाऱ्या वामनराव वकिलांच्या गड्डीत लसणाची पाकळी. कचेरीचा कारभार बघणाऱ्या, सदा कडवट तोंडाच्या नाझराच्या गड्डीत कारल्याची वाळकी चकती. सहा वर्षांत पेटी गच्च भरली.

सहा वर्षं एखाद्याचा हात बघत राहिलं की तो हात कळायला लागतो. भगवंतराव आधी नाक काढतात हे तिला कळलं. जेवणानंतर त्यांची रेघ ढिली पडते हे कळलं. एका वर्षी चार महिने त्यांनी माणूसच काढला नाही, नुसत्या रिकाम्या बाजा आणि जोडीतली एकच वहाण. तेव्हा त्यांची बायको गेली होती. त्या कागदांच्या गड्डीला कुठली खूण बांधावी हे तिला सुचेना, म्हणून तिनं ती बिनखुणेची ठेवली. तिला त्यांची कीव आली आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला. मग तिनं ती बेडकी काढून पुन्हा एकदा डोळे भरून पाहिली, तेव्हा कुठं जीव ठिकाणावर आला.

डाव साधायची वेळ सातव्या वर्षी आली. नागपूरहून मोठे साहेब तपासणीला यायचे होते. साहेबांना चहासोबत गरम फुटाणे आवडतात अशी बातमी आली आणि नाझर स्वतः भट्टीपाशी आला. रुखमाबाईनं अकरा पुड्या बांधल्या. साहेबांची कोरी, बाकी प्रत्येक मानकऱ्याची पुडी त्याच्याच चित्राची, चित्र बाहेरच्या बाजूला. तहसीलदारांना त्यांचा भोपळा, वकिलांना त्यांचा बगळा. आपलंच थोबाड हातात आल्यावर हे लोक त्या मुन्शीला चिंचेला उलटा टांगतील, असा तिचा हिशेब होता.

पण तिच्या हिशेबात चपराशी नव्हता. त्यानं पुड्या तबकात एकावर एक रचल्या आणि रिवाजाप्रमाणे पहिली साहेबांना, मग हुद्द्याहुद्द्यानं, वरची येईल ती पुडी पुढच्याला, अशा वाटल्या. साहेबांच्या हातात तहसीलदारांचा भोपळा गेला. साहेबांनी पुडी पाहिली, तहसीलदारांकडे पाहिलं, पुन्हा पुडी पाहिली आणि खो खो हसत सुटले. साहेब हसले म्हटल्यावर त्यांच्यासाठी घातलेल्या मांडवात न हसण्याची कुणाची छाती होती? जो तो दुसऱ्याचं चित्र बघून हसला आणि आपलं चित्र कुठल्या हातात आहे ते शोधायला लागला. वामनराव वकील तर आपला बगळा सगळ्यांना मान लांब करून दाखवत होते.

"हे कुणाचं काम?" साहेबांनी विचारलं.

भगवंतराव उपरणं सावरत पुढं आले. "माझं, हुजूर."

साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. भट्टीपाशी उभ्या असलेल्या रुखमाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. ज्याला बुडवायला निघाली होती त्याला तिनंच आपल्या हातानं घोड्यावर बसवलं होतं.

महिन्याभरानं, बाजाराच्या दिवशी, भगवंतराव भट्टीपुढं येऊन हात जोडून उभे राहिले. अकोल्याच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांचं पत्र त्यांच्या हातात होतं. साहेबांनी तिकडं शब्द टाकला होता. दर अंकात चित्र काढायचं काम मिळणार होतं, पण आधी जुनी पन्नास-साठ चित्रं नमुन्याला पाठवायची होती, आठ दिवसांच्या आत. आणि मुन्शीजींजवळ स्वतःचं एकही चित्र नव्हतं.

"बाई, त्या दिवसच्या पुड्या तुमच्याकडल्याच होत्या. अजून काई उरलं असन त् पाहा. मले डोळ्यानं कमी दिसून राह्यलं. आता पहिल्यासारखा हात नाई चालत. जे हाय ते जुनंच."

रुखमाबाईनं गोणपाट सारलं आणि पेटीचं झाकण उघडलं. भगवंतराव पेटीशी खाली बसले. ते एकेक गड्डी उचलत होते, बिया चाचपत होते. बिनखुणेची गड्डी हातात आली तेव्हा त्यांनी ती रिकामी बाज बराच वेळ डोळ्यांजवळ धरली आणि उपरण्यानं डोळे पुसले.

"माह्या घरच्या मानसानंबी माहं असं काई जपलं नाई, बाई."

 रुखमाबाईचा सहा वर्षं जिवापाड सांभाळलेला राग त्या म्हाताऱ्या बोटांकडे बघून निसटायला लागला. देऊन टाकावी का पेटी? मळा गेला तो गेला. पण तिला एकच गोष्ट हवी होती. तिनं चोळीतून ती घडी काढली, उलगडली आणि वरचं अक्षर अंगठ्याखाली झाकून त्यांच्यापुढं धरली.

"हे कोन हाय, मुन्शीजी?"

भगवंतरावांचा चेहरा उजळला. "वा! ही त् सगळ्याईत वर लावा. पाहा ही जबड्याची रेघ, एका दमात वढली हाय."

"कोन हाय मनते मी."

"असन कोनी खेड्यावरची बाई. रोज ढीगभर येतात, रडतात, जातात. कोन ध्यानात ठेवते?"

चित्र तिच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर होतं. त्यांनी मान वर करून एकदा पाहिलं असतं तर तीळ दिसला असता. त्यांनी पाहिलं नाही. ते रेघच बघत राहिले.

रुखमाबाईनं चित्र काढून घेतलं आणि मांडीखाली सरकवलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तिनं पेटीतला वरचा कागद उचलला, वळला, फुटाणे भरले आणि देऊन टाकला. भोपळा चालला बाजारात.

"अवं बाई, तो चित्राचा कागद हाय!"

"हाव का? सांगा तुम्ही, मुन्शीजी. ऐकून राह्यली मी."

भगवंतराव सांगायला लागले. बायको गेल्यापासून घर खायला उठतं, नजर गेली तर अर्जनवीसगिरीही जाईल, आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपल्याला कलावंत म्हटलं. "हं, हं," रुखमाबाई म्हणत होती. मान खाली होती आणि हात भराभर चालत होते. बाजाराचा दिवस, भट्टीभोवती ही गर्दी. बगळा मेहकरच्या वाटेनं गेला. नाझर एका म्हातारीच्या ओच्यात गेला. रिकामी बाज हातात आली तेव्हा तिचे हात घडीभर थांबले, पण तिनं तीही वळली. भगवंतराव गिऱ्हाइकांच्या मागं धावत, परत येत, हात जोडत, पुन्हा सांगत. लोकांनी फुटाणे तोंडात टाकले आणि पुड्या चुरगाळून फेकल्या. बैलांनी त्यावर पाय दिले. पेटीच्या तळाला बिया तेवढ्या राहिल्या.

"बाई," भगवंतरावांचा आवाज बसला होता, "माहं एक तरी बोलनं ऐकलं का तुम्ही?"

रुखमाबाईनं मांडीखालचा कागद काढला, त्याची पुडी वळली, ओंजळभर फुटाणे भरले आणि त्यांच्या हातात दिली. "नाई, मुन्शीजी. माहं ध्यान पुड्याईत होतं. घ्या, गरम हाय."

पुडीवर बेडकी होती आणि बेडकीच्या वर त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरात अर्धं वाक्य होतं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून वाचलं. मग पहिल्यांदा मान वर केली. नथ पाहिली, तीळ पाहिला, दाताची खिंड पाहिली. हातातले फुटाणे धुळीत सांडले.

"'मयत कडूबा यांनी सदरहू विहीर...'" ते हळूच म्हणाले. "पुढं काय होतं, बाई? सांगा. मी ऐकतो."

"हं, हं," रुखमाबाई म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.