कांदेनवमीनंतरची वांगी

शुभाकाकूंनी आयुष्यात फारशी वचनं मोडली नव्हती. एकच मोडलं होतं, पण ते सलग सात वर्षं मोडत आल्या होत्या.

वचन दिलं होतं हालाला. हाला सीरियाची. अर्विंग या अमेरिकी शहरातल्या लायब्ररीतल्या इंग्रजीच्या फुकट वर्गात दोघी शेजारी बसायच्या. एक नागपूरहून मुलाकडे राहायला आलेली, दुसरी युद्धातून जीव वाचवून आलेली. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे एकीला दुसरीची लाज वाटायचं कारणच नव्हतं. हाला अपार्टमेंटमध्ये राहायची आणि तिच्या बाल्कनीत ऊन येत नसे. एक दिवस तिने औषधाची जुनी बाटली काकूंच्या हातात ठेवली. आत तिच्या गावच्या वांग्यांचं बी होतं. अंड्याएवढी, काळीभोर वांगी. तिकडे ती उकडून, अक्रोड भरून, तेलात मुरवतात.

"आमचं शेत जळलं," हाला म्हणाली होती. "तुझ्याकडे अंगण आहे. तू लाव, तू खा. फक्त दरवर्षी एक वांगं झाडावरच पिवळं होऊ दे आणि त्याचं बी काढून ठेव."

"ठेवते की! त्यात काय मोठंसं?" काकू म्हणाल्या होत्या, आणि तेव्हा त्यांना ते अगदी मनापासून वाटलं होतं.

पण अंड्याएवढं काळंभोर वांगं म्हणजे भरल्या वांग्यांसाठी देवाने खास घडवलेलं. दाण्याचं कूट, खोबरं, काळा मसाला घालून काकू ती अशी करायच्या की मुलगा यतीन ऑफिसातून आल्या आल्या बूटही न काढता कढईचं झाकण उघडायचा. कढईत बरोबर बारा वांगी बसत. अकरा झाली की काकूंना कढई बोडकी दिसे. मग बाराव्यासाठी कात्री घेऊन त्या मागच्या दारी जात आणि बियाण्यासाठी राखलेलं तेवढं एकच कापून आणत. पुढच्या वेळी ठेवू, असं म्हणता म्हणता सात उन्हाळे गेले. बाटलीतलं बी थोडं थोडं पेरत यंदाच्या मार्चमध्ये काकूंनी ती उपडी करून ठोकलीसुद्धा.

जुलैत कांदेनवमी आली. चातुर्मासात काकू कांदा, लसूण, वांगं सोडतात, आणि काकू सोडतात म्हणजे सगळं घर सोडतं. म्हणून त्याआधी कांदेनवमीला पोटभर खाऊन घ्यायचं. यतीनचे ऑफिसातले चार मित्र जेवायला आले, झाडं पार ओरबाडून झाली आणि दुसऱ्या दिवसापासून काकू त्या वाफ्याकडे फिरकल्याच नाहीत. नुसतं दिसलं तरी आपली जीभ चळेल, असा त्यांचा स्वतःबद्दलचा अगदी योग्य अंदाज होता. पाणी घालायला स्प्रिंकलर होताच.

कार्तिकी एकादशी होऊन आठवडा झाला असेल, पण ओरबाडलेल्या झाडांवर आता काय असणार, म्हणून काकू अजून मागे गेल्या नव्हत्या. कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं, की तुमच्या मागच्या अंगणात रान माजलंय, साफ करा. यतीन आणि सून दीपा, दोघांनाही वेळ नव्हता, म्हणून शनिवारी रामोन नावाचा स्पॅनिश बोलणारा माळी बोलावला. तो मागे मशीन फिरवत होता आणि पुढच्या दाराची बेल वाजली.

दारात हाला होती. इतकी आनंदात काकूंनी तिला कधीच पाहिली नव्हती. तिने चपलासुद्धा दाराबाहेर न काढता आत येऊन काकूंना मिठीच मारली.

"नबील परत गेला! माझा भाऊ! आईला घेऊन गावी गेला!" तिने फोन पुढे केला. फोटोत भुईत गाडलेले सुरुंग काढून मोकळं केलेलं एक उघडंबोडकं शेत होतं, जळून गेलेल्या जर्दाळूंच्या जागी लावलेली काडीसारखी रोपं होती आणि सोलरवर चालणारा नवाकोरा पंप होता. "गावाची रोपवाटिका पुन्हा सुरू करतोय. गव्हाचं बी मिळालं, भेंडी मिळाली. आमचं वांगं कुठेच नाही मिळालं. आई रोज विचारते. मी सांगितलं, काळजी नको, शुभाने सात वर्षं सांभाळलंय."

 चहा टाकून काकू ओट्यापाशीच उभ्या राहिल्या. खोटं बोलता आलं असतं. उंदरांनी खाल्लं, पाण्यात भिजलं, काहीही. पण हालाच्या तोंडावरचा आनंद बघून जीभ रेटेना.

"हाला, माझ्याकडे बी नाही," त्या म्हणाल्या. "मी कधी ठेवलंच नाही. आम्ही सगळी खाल्ली. दरवर्षी."

 हालाने फोन पालथा करून टेबलावर ठेवला. रागावली असती, चार शब्द बोलली असती तर काकूंना बरं वाटलं असतं. वांग्याच्या रश्शापायी आपण एका गावाचं बियाणं गिळून बसलो, असं वाटून त्यांना भडभडून आलं. चहा उतू गेला तरी कुणी हललं नाही.

तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. रामोन उभा होता, हातात एक पिवळंजर्द, सुरकुतलेलं काहीतरी धरून.

"सेन्योरा, ही सडकी फळं खूप आहेत. सगळी टाकू ना?"

"टाका, टाका," काकू डोळे पुसत म्हणाल्या.

हाला मात्र खुर्चीवरून उठली. रामोनच्या हातातलं फळ तिने घेतलं, दाबलं, नाकाशी नेलं आणि एवढ्या जोरात ओरडली की रामोन दोन पावलं मागे सरला.

"हे सडकं नाही! पिकलंय! शुभा, हे पिकलंय!"

झालं होतं असं, की कांदेनवमीला ओरबाडलेली झाडं सप्टेंबरमध्ये पुन्हा फुलली होती. फळं धरली, मोठी झाली, पण खाणारं कुणी नव्हतं. ज्या घरात एक वांगं झाडावर टिकत नव्हतं, तिथे चातुर्मासाच्या कृपेने सगळीच टिकली होती.

"बाकीची कुठे?" काकूंनी विचारलं.

रामोनने रस्त्याकडे बोट दाखवलं. कचऱ्याच्या तीन कागदी पिशव्या त्याच्या ट्रकमध्ये चढल्या होत्या. सत्तरीच्या आसपासच्या दोन बायका धावत सुटल्या आणि पिशव्या ओढून पुढच्या हिरवळीवर उपड्या केल्या. समोरचे शेजारी कुत्रा फिरवता फिरवता थांबून बघत राहिले. असोसिएशनला दुसरं पत्र लिहायला चांगलाच मसाला मिळाला असता, पण काकूंना त्याची पर्वा नव्हती. पालापाचोळ्यात कोपरापर्यंत हात घालून त्या मोजत होत्या. एकतीस निघाली.

दुपारी यतीन जिमहून आला, तर दीपाच्या बेकिंगच्या सगळ्या ट्रेवर बी वाळत होतं.

"आई, हे काय यार? मला वाटलं, आज भरली वांगी!"

"यातल्या एकालाही हात लावलास तर बघ," काकू म्हणाल्या. "आणि बियाणं सीरियाला पाठवायचे फॉर्म भरून दे. आजच."

यतीनने फॉर्म भरले, तपासणी झाली, दोन महिने कागदपत्रांची ये-जा झाली. एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी हाला फोन घेऊन आली. तिकडे संध्याकाळ होती. नबीलने हिरव्या जाळीखालच्या रोपांवरून कॅमेरा फिरवला. हातभर अंतरावर ओळीच्या ओळी, आणि शेजारी पंपाचं पाणी खळाळत पाटात पडत होतं. मागे गावातली माणसं रोपं घ्यायला टोपल्या घेऊन उभी होती.

"या शुभा," नबील गावकऱ्यांना अरबीत सांगत होता आणि हाला आपल्या मोडक्या इंग्रजीत काकूंना समजावत होती. "यांनी आपलं बी सात वर्षं जपलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंचे कान तापले.

"हाला, खरं सांग त्यांना," त्या म्हणाल्या. "जपलंबिपलं काही नाही. आम्ही खाल्ली म्हणावं. बाराच्या बारा."

हालाने सांगितलं.  पलीकडे खुर्चीत बसलेली हालाची म्हातारी आई हसायला लागली. डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर धरून, खांदे हलवून हसत राहिली. नबील बघतच राहिला. गावी परतल्यापासून तिला असं हसताना त्याने पाहिलं नव्हतं.

म्हातारीने फोन जवळ ओढला आणि काहीतरी म्हणाली. हाला ते काकूंना समजावू लागली.

"आई म्हणते, नबीलच्या कपाटात जपून ठेवलेलं बी घराबरोबर जळालं. तुला आवडलं, तू खात राहिलीस, म्हणून लावत राहिलीस आणि ते टिकलं. आता तुझी ती भाजी कशी करायची ते सांग. तिने कागद-पेन्सिल घेतलीय."

काकूंनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि दाण्याच्या कुटापासून सुरुवात केली.