गोगलगायी आणि तीन कप कॉफी

गेल्या वर्षी नुझहाने घाई केली होती. काचेच्या टाकीत खारं पाणी भरून त्याच दिवशी मासे सोडले आणि दोन दिवसांत सगळे मेले. या वेळी दीड महिना टाकीत नुसतं पाणी होतं. पाण्याची तपासणी उत्तम येत होती, तरी त्यात काही जिवंत सोडायचा तिचा धीर होत नव्हता.

“पाणीच बघायचं तर समोर अकाबाचा अख्खा समुद्र आहे की!” शेजारचे म्हातारे कोळी अबू रकान रोज चिडवायचे. आज ते स्वतःच मित्राच्या टाकीतल्या चार समुद्री गोगलगायी बादलीत घेऊन आले.

नुझहाने बारीक नळीने टाकीतलं पाणी थेंबथेंब बादलीत सोडलं. “नव्या पाण्याची सवय व्हायला तासभर लागेल, काका.”

“मग कॉफीचं बी भाजायला घे. पाहुणे उंबऱ्यातच आहेत.”

तिने बी भाजलं, कुटलं, उकळलं. तिसऱ्या कपानंतर अबू रकान यांनी पुरे म्हणून रिकामा कप हलवला. “आता घे त्यांना आत.”

टाकीत सोडल्यावर बराच वेळ एकही गोगलगाय हलली नाही. मग एकीने अंग बाहेर काढलं आणि काचेवरचं तपकिरी शेवाळ खात ती वर चढू लागली. तिच्या मागे स्वच्छ पट्टा उमटला.

नुझहा काचेपासून मागे सरली. तिने वाकून अबू रकान यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि पुन्हा काचेकडे डोळे लावले.

“पुरे गं पोरी,” ते म्हणाले. “जेवणाऱ्याकडे असं टक लावून बघू नये.”